एका अक्षराची दुरुस्ती

बहीण आरशासमोर केस विंचरत होती, तेव्हा तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा मला दिसला. तो तिला नवा नव्हता. सिकलसेलच्या रुग्णाच्या डोळ्यांत तो थोडाफार असतोच. पण दिग्रसच्या एका दवाखान्यात मी रक्त-लघवी तपासण्याचं काम करत होते, आणि दिवसभर माणसांचे डोळे, नखं, तळहात बघायची नजरेला सवय झाली होती. त्या सकाळचा रंग मला आवडला नाही. मी तिचा हात धरून नखं पाहायला लागले, तर तिनं तो सोडवून घेतला.

"ताई, मले उशीर होऊन राह्यला," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

त्या दिवशी हिशेबानं नऊ दिवस उरले होते. कशाचे, ते सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आमचं गाव बोरी अरबपासून जवळच. बाबांची शेती कापसाची, मधल्या ओळींत तूर. घरात मी मोठी, ही माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आमच्या दोघींच्या मध्ये एक भाऊ होता. तो पाच वर्षांचा होऊन गेला. त्याचे हातपाय सुजायचे, रात्रंदिवस रडायचा, आणि सगळे म्हणायचे, वात आहे. आई मोहाचं तेल कोमट करून त्याचे सांधे चोळायची. एका वेचणीच्या हंगामात त्याला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याला काय होतं ते आम्हाला पुढे बारा-तेरा वर्षांनी कळलं, आणि ते माझ्यामुळे कळलं.

मी लॅबचा कोर्स करत होते. सिकलसेलची साधी चाचणी शिकवली होती. एका द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर गडबड. मी हौसेनं सुट्टीत सामान घरी आणलं आणि सगळ्यांची बोटं टोचली. चारही नळ्या गढूळ झाल्या. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुढची मोठी तपासणी झाली तेव्हा कळलं की आई, बाबा आणि मी वाहक आहोत. आमच्यात बिघाड एकाच बाजूनं आलेला, म्हणून त्रास नाही. बहिणीला तो दोन्हीकडून आला होता. तिचे वाढत्या वयातले सगळे ताप, पायांची दुखणी, शाळेचे बुडालेले महिने एका ओळीच्या कागदात मावले.

बाबांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे म्या देल्लं तिले?"

"तुम्ही आणि आईनं, दोघांनी मिळून. पण ते कोणाच्या हातात नसते, बाबा."

"अन् पोरग्याले?"

आई उठून चुलीकडे गेली. ती पुढे चार वर्षांनी गेली, पण मुलाच्या सांध्यांना लावलेल्या त्या तेलाबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

मी सांगते आहे ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं होतं. जीन बदललेलं बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळी गेली असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि काही वर्षं ती खरंच गेलीही होती. मग ती परत आली. बोंड बाहेरून चांगलं टणक दिसायचं, फोडलं की आत डागाळलेली रुई आणि गुलाबी अळी. लोक घाबरून फवारण्या वाढवत होते, औषधांत औषधं मिसळत होते. त्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या दवाखान्यात फवारणी करून विषबाधा झालेली माणसं रोज येत. कोणाला दिसत नव्हतं, कोणाला उलट्या थांबत नव्हत्या. मी सकाळी आठला लॅबमध्ये शिरायची ती दिवेलागणीला बाहेर पडायची. बहीण माझ्यासोबत दिग्रसलाच खोलीवर राहायची. तिच्याकडे माझं लक्ष नव्हतं, हे मी आज कबूल करते.

ती बसस्टँडजवळच्या एका दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम करायची. तेवीस वर्षांची होती. दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही वेळी तिनं स्वतःच आपला आजार सांगून टाकला होता आणि दोन्ही वेळी पाहुणे चहा पिऊन गेले ते पुन्हा आले नव्हते. दुकानातल्या रिकाम्या वेळात ती कॉम्प्युटरवर आपल्या आजाराबद्दल वाचायची. एक दिवस तिनं दोन पानं छापून आणली. परदेशात शास्त्रज्ञ माणसाच्या पेशीतला जीन दुरुस्त करायला लागले आहेत, असं त्यात होतं.

"हे खरं हाय का?" तिनं विचारलं.

खरं होतं, पण प्रयोगशाळेतलं. मी तसं म्हणाले. आणि योगायोग असा की पंधरा दिवसांनी आमच्या दवाखान्याला एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेचं पत्र आलं. त्यांना याच कामासाठी सिकलसेलच्या रुग्णांचं रक्त हवं होतं, आणि ते घ्यायला त्यांची टीम ठरलेल्या तारखेला दिग्रसला येणार होती. ज्यांची तयारी असेल त्यांची यादी करायची होती, आणि ती माझ्याकडे आली. अट होती की रुग्ण अठरा वर्षांवरचा हवा आणि मागच्या तीन महिन्यांत त्याला बाहेरचं रक्त चढवलेलं नसावं, कारण मग त्याच्या रक्तात दुसऱ्याचं रक्त मिसळलेलं असतं.

मी यादीत पहिलं नाव बहिणीचं लिहिलं. तिला विचारण्याच्याही आधी.

संध्याकाळी जेवताना मी तिला कागदावर चित्र काढून समजावलं. आपल्या प्रत्येक पेशीत अक्षरांची लांबच लांब साखळी आहे. रक्ताचा लाल रंग बनवणारी ओळ त्यात कुठेतरी आहे, आणि त्या ओळीतलं एक अक्षर, फक्त एक, बदललेलं आहे. त्यामुळे गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक नसांत अडकते. आता हे लोक मशिनवर एक छोटीशी साखळी जोडून तयार करतात. त्यात वीस अक्षरं अशी असतात की ती बरोबर त्या बिघडलेल्या जागी जाऊन बसतात. तिच्यासोबत कात्रीसारखं काम करणारं एक प्रथिन असतं, ते तिथं कापतं. मग बरोबर अक्षराचा बनवलेला तुकडा शेजारी ठेवला की पेशी स्वतःची जखम भरताना त्यावरून नक्कल करून घेते.

"अन् ते माह्या रक्तात करून पाह्यतील?"

"हो. तुझ्याच पेशींवर."

मी असं म्हणाले. काचेच्या बशीत, शरीराबाहेर, असं मी म्हटलं होतं की नाही, ते मला आज आठवत नाही. तिला तर अजिबात आठवत नाही. तिनं ते चित्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते गोंधळले. आमच्याकडे जीन म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. "जीन दुरुस्त करायले शहरातून माणसं येऊन राह्यली?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघी खूप हसलो. त्या महिन्यातलं तेच आमचं शेवटचं हसणं असावं.

म्हणजे टीम यायला नऊ दिवस होते तेव्हा तिचे डोळे पिवळे दिसले. मी तिला तपासणीला ये म्हटलं, तर ती म्हणाली, "ते लोक येतील तवा काढतीलच ना रक्त. दोनदोनदा कायले टोचून घेऊ?" दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर निघून गेली. चौथ्या दिवशी मी लॅबच्या खिडकीतून बाहेर पाहिलं, तर ती माझा डबा घेऊन आवारातून येत होती. आमच्या इमारतीला पाच पायऱ्या आहेत. दोन चढून ती थांबली. कठडा धरून उभी राहिली. मग एक चढली आणि पुन्हा थांबली. मी हातातली नळी स्टँडवर ठेवून धावले. तिचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते.

मी तिला खुर्चीत बसवलं आणि तिचं काही न ऐकता रक्त काढलं. तिचं हिमोग्लोबिन एरवी आठच्या आसपास असायचं. मशिननं पाच पॉइंट चार दाखवलं. मी पुन्हा लावलं. तेच आलं.

डॉक्टर सरांनी आकडा पाहिला. "रक्त चढवावं लागेल. इथं सोय नाही. यवतमाळला पाठवू, आजच."

"नाही," बहीण म्हणाली. तिनं सरांकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. "सहा दिवस राह्यले, ताई. फक्त सहा दिवस. आता रक्त चढवलं तर तीन महिने मले घेणार नाही ते. तीन महिन्यांनी ते कुठं अन् मी कुठं."

"अन् सहा दिवसांत काही झालं तर?"

"मी झोपून राह्यतो. दुकानात जात नाही. पाणी पितो. तू सांगशील ते करतो. मले सहा दिवस दे."

आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, जातो, करतो. तिचा तो 'करतो' माझ्या कानात अजून आहे.

सरांनी तिला नीट समजावलं. घाईनं नाही, रागानंही नाही. शेवटी ते म्हणाले, ती सज्ञान आहे, मी बळजबरी करू शकत नाही. त्यांनी कागदावर तसं लिहून तिची सही घेतली आणि मला बाजूला नेलं. "तुम्ही तिची बहीण आहात अन् हा आकडा तुम्हाला कळतो. उद्या सकाळी परत बघू. दम वाढला, छातीत दुखलं, तर वाट पाहायची नाही."

मी हो म्हटलं. मला ते आजही सहन होत नाही. मला आकडा कळत होता. गल्लीतल्या दुसऱ्या कोणाचा असता तर मी त्याच्या घरच्यांना हात जोडून, भांडून गाडीत बसवलं असतं. पण मी तिला दोन वेळा चहा पिऊन गेलेल्या पाहुण्यांचे कप विसळताना पाहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. आमच्या घरातलं कोणीतरी बरं झालेलं मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पाच पॉइंट एक. नवीन पेशी बनण्याचं प्रमाणही घटलेलं. बाबांचा फोन आला, बोंडअळीचं सांगत होते, अर्ध्या शेतात वेचायलाच काही नाही म्हणून. "ते बरी हाय ना?" त्यांनी विचारलं. "बरी आहे," मी म्हटलं. सरांना मी सांगितलं की उद्या सकाळी नेते. ते म्हणाले, "उद्या नक्की." त्या दिवशी लॅबमध्ये मी तीन नळ्यांवर चुकीचे नंबर चिकटवले आणि तिन्ही वेळा सहकाऱ्यानं दुरुस्त केले. दुपारी खोलीवर धावत जाऊन पाहिलं तर ती भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की दम लागतो, हे तिनं आपणहून सांगितलं नाही. मी विचारल्यावर होकाराची मान हलवली.

तिसऱ्या सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. चार पॉइंट सहा. आता तिनं वाद घातला नाही, बोलायला दम पुरत नव्हता. सरांनी गाडी बोलावली. गाडी येईपर्यंतच्या पंधरा मिनिटांत मी तिच्या हातातून दोन नळ्या रक्त काढून फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्याचं रक्त मिसळण्याआधीचं तिचं स्वतःचं. कशाच्या भरवशावर ठेवलं ते माहीत नाही. ती सुईकडे बघत हळूच म्हणाली, "आता नाही घेणार ते मले."

बाबांना मी गाडीतून फोन केला. दारव्हा मागे पडलं आणि बोरी अरबच्या थांब्यावर ते रस्त्याच्या कडेला उभे दिसले, हातात कापडी पिशवी, पायात शेतातला चिखल वाळलेला. ते मागे आमच्याजवळ चढले. तिच्या नाकाला ऑक्सिजन होता. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो यवतमाळ येईपर्यंत काढला नाही.

थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "काल तर बरी होती म्हणली तू."

मी त्यांना सगळं सांगितलं. यादी, अट, पायऱ्या, आकडे, सहा दिवस. ते ऐकत होते.

"तुले ठाऊक होतं का, किती झाल्यावर माणूस जाते?"

"हो, बाबा."

ते पुन्हा तिच्याकडे बघायला लागले. मला त्यांनी दोन मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यवतमाळच्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. छातीचा एक्सरे काढला, फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग आला होता. रक्ताची पिशवी यायला वेळ होता. बाबा रक्तपेढीच्या खिडकीशी जाऊन बाही वर करून उभे राहिले. "माह्यं घ्या. तिचं अन् माह्यं एकच हाय." तिथल्या मुलीनं विचारलं, तुम्ही सिकलसेलचे वाहक आहात का. बाबा हो म्हणाले. मग तिनं सांगितलं की या रुग्णाला वाहकाचं रक्त देत नाहीत. बाबांनी बाही खाली केली आणि बटण लावायला लागले. ते काही केल्या लागेना. मी पुढे होऊन लावून दिलं.

दोन पिशव्या चढल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा श्वास जरा खाली बसला. पाचव्या दिवशी टीम दिग्रसला येणार होती आणि यादी माझ्याकडे होती, म्हणून बाबांना तिच्याजवळ ठेवून मी पहाटेच्या बसनं परत गेले.

संशोधन संस्थेकडून आलेली शास्त्रज्ञ बाई माझ्याच वयाची होती. साधी, पाठीला सॅक, बोलायला पुण्याकडची. मी तिच्यासमोर त्या दोन नळ्या ठेवल्या आणि सांगितलं, हे चार दिवसांपूर्वीचं आहे, पण यात बाहेरचं रक्त नाही. तिनं नळी उजेडात धरली.

"यातल्या पेशी आता वाढवता येणार नाहीत. ताजं लागतं. पण हे काढून का ठेवलंत?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकताना खुर्चीत बसली. मग तिनं नळीवरचं नाव वाचलं.

"त्यांना कोणी सांगितलं की त्यांचंच रक्त हवं आहे?"

"मी."

"सिकलसेल असलेल्या प्रत्येकाचा बिघाड त्याच एका अक्षरात असतो," ती म्हणाली. "त्यांच्यात असतो, माझ्यासमोर आज बसतील त्या सगळ्यांच्यात असतो. आम्ही ती साखळी बनवतो ती एकाच जागेसाठी. आम्हाला थोड्या लोकांचे नमुने हवेत, कोणाचेही. त्या नसत्या आल्या तरी काम तसंच झालं असतं. आणि हे उपचार नाहीत हो. हे बशीतल्या पेशींवरचं काम आहे. औषध कोणाला कधी मिळालंच, तर ज्यांनी नमुना दिला त्यांनाच ते आधी मिळेल असंही काही नाही."

मला हे माहीत होतं. मी ते शिकलेली होते. एकच अक्षर, हे तर मीच तिला चित्र काढून सांगितलं होतं. पण त्या चित्राचा अर्थ तिनं काय लावला, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

शास्त्रज्ञ बाई दुसऱ्या दिवशी नागपूरला जाताना वाट वाकडी करून यवतमाळला उतरली. तसं करायची तिला काही गरज नव्हती. ती बहिणीच्या कॉटशेजारी स्टुलावर बसली आणि मला जे सांगितलं तेच सगळं तिला सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. बहिणीनं फक्त एक प्रश्न विचारला.

"किती वर्षं?"

"मला माहीत नाही. पाच म्हटलं तरी खोटं ठरेल, दहा म्हटलं तरी."

बहिणीनं भिंतीकडे तोंड केलं.

बाबा उभे होते. ते म्हणाले, "म्याडम, मी एक विचारू का? कापसाचंही जीन बदलवलं होतं तुमच्या लोकायनं. पहिले चांगलं चाललं. आम्हीच पेरलं, हौसेनं पेरलं. आता अळी ते बोंड खाऊन राह्यली. माह्या पोरीचं बदलवलं अन् दहा वर्षांनी काही निंगालं तर, तवा कोणाले विचाराचं?"

तिनं स्टूल त्यांच्याकडे वळवलं. मग म्हणाली, "कापसात बाहेरचा जीन घातला होता, अळी मारायला. अळी जिवंत गोष्ट आहे, तिनं स्वतःला बदललं. इथं बाहेरचं काही ठेवत नाही, एक अक्षर पूर्वीसारखं करतो. त्यामुळे तसं होणार नाही. पण तुमची भीती चुकीची नाही. ती कात्री भलत्याच जागी कापेल का, ही आम्हालाही भीती आहे. आमचा अर्धा वेळ तेच शोधण्यात जातो. आणि आज मी तुम्हाला खात्री देऊ शकत नाही."

"खात्री नाही म्हणते हे," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी थर्मासमधला चहा तिला ओतून दिला, आणि ती तो पिऊन गेली.

बहीण बारा दिवसांनी घरी आली. महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला वाटलं, दवाखान्यात नेलं म्हणून रागावली आहे, किंवा उशिरा नेलं म्हणून. शेवटी एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती आपणहून म्हणाली, "तू मले सहा दिवस देल्ले, त्याचा राग नाही. मीच मांगतले होते. पण मले पहिल्या दिवशी सारं सांगतलं असतं तर म्या मांगतले नसते. तुले वाटलं, मले पुरं झेपणार नाही. हो ना?"

तसंच वाटलं होतं. मी मान्य केलं.

मधल्या काळात तिनं सरांनी दिलेली रोजची कॅप्सूल नेमानं घ्यायला सुरुवात केली, आणि दुखण्याचे दिवस खरंच कमी झाले. चार महिन्यांनी, अट पुरी झाल्यावर, तिनं संस्थेला स्वतः फोन करून नमुना दिला. मी विचारलं, आता कशाला. "माह्यं हाय, मी देतो," एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञ बाईनं एक फोटो पाठवला. दुरुस्त केलेल्या पेशींपासून वाढवलेल्या लाल पेशी, ऑक्सिजन कमी केल्यावरही गोल राहिलेल्या. नमुन्यांना नुसते आकडे असतात, त्यामुळे त्या कोणाच्या ते तिलाही माहीत नव्हतं. मी दुकानात जाऊन दाखवला तेव्हा बहिणीनं तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. पुन्हा लहान केला. मग फोन मला परत दिला आणि फॉर्म भरायला आलेल्या माणसाकडे वळली.

त्यानंतर वर्षं गेली. कापूस कधी बरा झाला, कधी नाही. बहिणीनं लग्न केलं, दुकानात फॉर्म भरायला येणाऱ्या एका शिक्षकाशी. त्यानं आमच्या सांगण्याआधीच तपासणी करून घेतली होती आणि कागद घेऊनच तो बाबांना भेटायला आला. तो वाहकही नव्हता. परदेशात या उपचाराला मंजुरी मिळाल्याचं आम्ही टीव्हीवर एकत्र बसून पाहिलं. आणि मग एक दिवस त्याच शास्त्रज्ञ बाईचा फोन आला, की आता आपल्याकडेही माणसांवर चाचणी सुरू होण्याच्या बेतात आहे, तिला समजून घ्यायचं असेल तर यावं.

आम्ही दोघी त्या शहरातल्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दोन तास दिले. आधी तिच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढायच्या, त्या बाहेर दुरुस्त करायच्या. मग जोरदार औषध देऊन हाडांच्या मगजातल्या जुन्या पेशी संपवायच्या आणि दुरुस्त पेशी आत सोडायच्या. केस जातील, तोंडात फोड येतील, कित्येक आठवडे बंद खोलीत राहावं लागेल. मूल होण्याची शक्यताही जाऊ शकते. बहिणीनं घरून प्रश्न लिहून आणले होते. ती एकेक विचारत होती आणि उत्तर लिहून घेत होती. मी शेजारी बसले होते. मनात एकच म्हणत होते, ही नाही म्हणू दे.

शेवटी ती म्हणाली, "आत्ता नको. मला आधी मूल हवं आहे. त्यानंतर येईन."

बाहेर आल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मला माझीच लाज वाटली. मी ते तिला सांगून टाकलं. आमच्यात आता लपवायचं नाही असं ठरलं होतं.

"दिसत होतं तुह्या तोंडावर," ती म्हणाली. "डॉक्टरलेही दिसलं असन."

तिला मुलगी झाली. आठव्या महिन्यात तिला यवतमाळला हलवावं लागलं आणि त्या तीन आठवड्यांत माझ्या डोक्याचे पुढचे केस पांढरे झाले. पण दोघी सुखरूप घरी आल्या. मुलगी वाहक आहे, ते तर ठरलेलंच होतं, आईकडून एक बिघडलेलं अक्षर येणारच होतं. ती धडधाकट आहे आणि आजोबांच्या मिशा ओढते.

गेल्या महिन्यात बहिणीनं मला न विचारता चाचणीच्या त्या दवाखान्याला फोन केला आणि आपलं नाव नोंदवलं. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या तपासण्या आहेत. घेतील की नाही, तेव्हाच कळेल. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तिनं सारं विचारून घेतलं ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग आपण काय म्हणाचं." आणि उठून गोठ्याकडे गेले.

मी महिनाभराची रजा मागितली आहे. सोबत मीच जाणार आहे.